परदेशी पाहुणा आणि आमचा सी-फॉर्म : केंद्रीय गृह मंत्रालयाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, परदेशी नागरिक विभाग, केंद्रीय गृह मंत्रालय, नवी दिल्ली
मा. आयुक्त, इमिग्रेशन ब्युरो, नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी : पर्यटन विभाग, महाराष्ट्र शासन

स.न.वि.वि.

दापोली तालुक्यात हर्णै-मुरुडच्या पट्ट्यात आमचं घरगुती निवास आहे. मोजक्या खोल्या, पुढे पडवी, मागे पोफळीची बाग, सकाळी घावन आणि चटणी. पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेत रीतसर नोंद आहे. गिऱ्हाईक बहुतेक पुण्या-मुंबईचं, पण थंडीत आणि कासवांच्या मोसमात परदेशी पाहुणेही येतात. हे पत्र त्यांच्यापायी लिहिते आहे.

म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे फाइल पुढे सरकवणाऱ्याला शेवटपर्यंत वाचायचा ताप नको. भारतात येणाऱ्या परदेशी माणसाकडून एकच माहिती चार वेळा घेतली जाते. पहिल्या तीन वेळा सरकार ती स्वतः घेतं. चौथ्या वेळी ती आमच्याकडून, सी-फॉर्म नावाच्या ऑनलाइन अर्जात, लिहून घेतं, तेही पाहुणा आल्यापासून चोवीस तासांच्या आत, आणि त्यात कसूर झाली तर गुन्हा आमच्यावर. ही चौथी खेप हलकी करा.

इंग्रजी प्रत टपालाने वेगळी धाडली आहे. इथे मराठीत लिहायचं कारण असं, की दिवेआगरपासून वेंगुर्ल्यापर्यंत आमच्यासारखी घरं चालवणारी पुष्कळ मंडळी आहेत. त्यांच्यापर्यंत हा विषय पोचतो तो व्हॉट्सॲपवरच्या घाबरवणाऱ्या फॉरवर्डमधून. त्यांनीही एकदा नीट वाचावं.

आता त्या चार वेळा कोणत्या, ते मांडते. पाहुणा घरी बसून ई-व्हिसाचा अर्ज भरतो. त्यात नाव, जन्मगाव, आईवडिलांची नावं, धर्म, शिक्षण, पासपोर्टचा सगळा तपशील, गेल्या दहा वर्षांत पाहिलेले देश, आणि भारतातल्या एका ओळखीच्या माणसाचं नाव, पत्ता, फोन. हा ओळखीचा माणूस बऱ्याचदा मीच असते. त्या बिचाऱ्याला इथे दुसरं कोण ठाऊक असणार? म्हणजे तो विमानात चढायच्या आधीच माझा फोन नंबर तुमच्या दप्तरी लागलेला असतो. मग १ ऑक्टोबर २०२५ पासून आलेलं ई-अरायव्हल कार्ड. विमान उतरायच्या आधीच्या ७२ तासांत ते भरायचं, पैसे पडत नाहीत, आणि त्यातही इथला राहण्याचा पत्ता द्यायचा. तिसरी वेळ विमानतळावरच्या काउंटरची : फोटो, बोटांचे ठसे, शिक्का. आणि हे सगळं होऊन माणूस आमच्या दारात उभा राहिला की चौथी वेळ, सी-फॉर्म. कायदा नवा आला, नियम नवे आले, तरी आमच्या तोंडी त्याचं नाव हेच आहे.

तुम्ही तो फॉर्म दिल्लीतल्या कार्यालयात, चांगल्या इंटरनेटवर पाहिला असेल. आमच्याकडे तो कसा भरला जातो ते सांगते. पाहुणे पोचतात दिवेलागणीला. सायकली भिंतीला टेकवून कोकम सरबत पितात, आणि मला लगेच पासपोर्ट मागावा लागतो. त्यांच्या आंघोळी होईपर्यंत मी फोन घेऊन विहिरीच्या कठड्यापाशी जाते, कारण आमच्या आवारात रेंज धरते ती तेवढ्याच जागी. आडनाव एका रकान्यात, नाव दुसऱ्या. पोर्तुगालच्या पाहुण्याला चार-चार नावं असतात. त्यातलं कुठलं कुठे टाकायचं हे मी ठरवायचं. जन्मतारीख, मायदेशातला पत्ता. पासपोर्ट कुठे मिळाला, कधी मिळाला, कधी संपतो. व्हिसाचा नंबर, प्रकार, मुदत. शिवाय तो दिला कुठून? ई-व्हिसासाठी पाहुणा कुठल्या वकिलातीत गेलेलाच नसतो, पण रकाना आहे. आमच्या ग्रुपवर कोणी तिथे 'दिल्ली' लिहितं, कोणी 'ऑनलाइन'. बरोबर काय, ते आजवर कोणी ठामपणे सांगितलेलं नाही. पुढे भारतात कुठून आला, कोणत्या तारखेला उतरला, माझ्याकडे किती वाजता पोचला, इथून कुठे जाणार, भारतात नोकरी करतो का. मग पडवीतल्या दिव्याखाली काढलेला त्याचा फोटो ठरलेल्या वजनात बसवून चढवायचा. एवढ्यात लॉगिन आपोआप बंद पडतं. पुन्हा पहिल्यापासून. आणि हे एका माणसाचं झालं. नवरा-बायको आणि दोन मुलं असली तर चार फॉर्म.

यातला जवळजवळ प्रत्येक शब्द तुमच्याकडे आधीच आहे. नवीन असतं ते फक्त एवढंच, की अमुक पासपोर्टचा माणूस अमुक तारखेला अमुक घरात उतरला आणि अमुक दिवशी निघणार. ते कळवायला आमची ना नाही. उरलेलं तुम्ही तुमच्याच कपाटातून काढायचं आहे.

आणि तसं कपाट आहे. इमिग्रेशन, व्हिसा आणि परदेशी नागरिकांची नोंदणी हे सगळं एका धाग्यात ओवायचा प्रकल्प केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१० सालीच मंजूर केला. तेव्हा त्याला १,०११ कोटी रुपये दिले होते. २०२२ मध्ये तो २०२१ ते २०२६ अशा पाच वर्षांसाठी, सुमारे १,३६५ कोटी रुपये देऊन पुढे चालू ठेवला. वकिलाती जोडल्या, विमानतळं जोडली, नोंदणी कार्यालयं जोडली, हे सगळं आम्ही वाचतो. मग एवढ्या पैशातून मी पासपोर्ट नंबर टाकल्यावर पाहुण्याचं नाव आपोआप का येऊ नये? गॅसच्या नोंदणीला ग्राहक क्रमांक टाकला की नाव दिसतं.

कोणी म्हणेल, सुरक्षेचा प्रश्न आहे, बाई, तुम्हाला काय कळणार. साहेब, या किनाऱ्यावरच्या माणसाला ते शिकवायची गरज नाही. १९९३ च्या स्फोटांचं आरडीएक्स श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला उतरलं. आमच्याकडून बाणकोटची खाडी ओलांडली की श्रीवर्धनचाच मुलूख. त्या खटल्यात कस्टम आणि पोलिस खात्यातल्या लोकांनाही शिक्षा झाल्या. २६ नोव्हेंबर २००८ ला दहा जण समुद्रातूनच आले आणि कुलाब्याला मच्छीमार वस्तीपाशी उतरले. गावोगावी सागर रक्षक दल आहे, त्यात आमच्या वाडीतली पोरं आहेत. अनोळखी होडी दिसली की पहिला फोन तीच करतात. तेव्हा परदेशी माणूस कुठे राहतो हे सरकारला कळलं पाहिजे, यावर आमच्यात दुमत नाही.

पण याच इतिहासातली दुसरी गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या २००८ च्या हल्ल्यासाठी मुंबईतल्या जागा हेरून ठेवणाऱ्या दाऊद गिलानीने २००६ मध्ये नाव बदलून डेव्हिड हेडली केलं आणि अमेरिकी पासपोर्टवर, रीतसर व्हिसा घेऊन, मुंबईच्या चकरा मारल्या. त्याचे कागद व्यवस्थित होते. तो प्रकार बाहेर आल्यावर २००९ च्या अखेरीस आपण काय केलं? पर्यटक व्हिसावर आलेल्याने एकदा बाहेर गेलं की दोन महिने परत यायचं नाही, असा नियम आणला. त्यात सापडले कोण? भारतातून नेपाळ किंवा श्रीलंका बघून परत इथूनच घरचं विमान धरणारे साधे प्रवासी. २०१२ च्या शेवटी काही देश वगळता बाकीच्यांसाठी तो नियम मागे घ्यावा लागला. चुकीच्या माणसाला जाच होणारा नियम पोलिसांचा वेळही खातो, हे तेव्हा सरकारनेच मान्य केल्यासारखं झालं. सी-फॉर्मचंही तसंच आहे. ज्याच्या मनात पाप आहे तो माझ्या पडवीत पासपोर्ट काढून ठेवणार नाही. तो अशा जागी उतरेल जिथे कोणी काही विचारत नाही.

आणि अशा जागा तुमच्याच नियमामुळे वाढताहेत, ही मला सर्वांत टोचणारी गोष्ट. मुंबईहून मांडव्याला लाँचने येऊन गोव्यापर्यंत समुद्राकाठाने सायकल मारत जाणारे परदेशी दर हिवाळ्यात दिसतात. आगरदांडा-दिघी, मग श्रीवर्धन, बागमांडला-वेसवी, केळशी, आंजर्ले, हर्णै, पुढे दाभोळला पुन्हा फेरीबोटीत बसून धोपाव्याला. सुंदर रस्ता आहे, आमचेही तरुण तो करतात. या परदेश्यांना वाटेतल्या कित्येक लॉजवर उत्तर मिळतं : "फॉरेनर घेत नाही." खोली रिकामी असते, पैसे रोख मिळणार असतात, तरी नाही. कारण मालकाने कधी सी-फॉर्मचं लॉगिन घेतलेलं नसतं, घ्यायचं म्हटलं तर जिल्ह्याच्या कार्यालयाकडून मंजुरी हवी, आणि भानगड झाली तर पोलिस दारात. त्यापेक्षा नकोच. एक फ्रेंच जोडपं असंच गावोगाव नकार ऐकत, अंधार पडल्यावर आमच्या फाटकाशी आलं होतं. बाई रडकुंडीला आलेली. तिला वाटत होतं, आपल्या कपड्यांत किंवा वागण्यात काही चुकलं. मी तिला काय सांगणार, की बाई गं, दोष तुझ्या कपड्यांचा नाही, चोवीस तासांत भरायच्या एका फॉर्मचा आहे?

लॉजवाल्यांनाही मी फार दोष देत नाही. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यात नियम मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होती. तो कायदा आणि त्याचे तीन जुने सोबती मोडीत काढून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. हॉटेलं, हॉस्पिटलं, विद्यापीठं या सगळ्यांवर माहिती कळवायची जबाबदारी त्यात कायम आहे. कायदा एकत्र केला हे चांगलंच झालं. पण घरगुती निवासवाल्याच्या मनातली भीती त्याने तिळभर कमी झालेली नाही, कारण त्याला कोणी बसवून सांगितलेलंच नाही, की वीज गेली म्हणून एक दिवस उशीर झाला तर काय होतं, आणि जाणूनबुजून माणूस लपवला तर काय होतं. त्याच्या लेखी दोन्हीला एकच उत्तर : जेल.

बाहेरच्या देशांत हे नसतं, असं मी म्हणणार नाही. थायलंडमध्ये घरमालकाला परदेशी भाडेकरूची खबर चोवीस तासांतच द्यावी लागते; टीएम-३० म्हणतात त्याला. पण साध्या घरमालकाने ती दिली नाही तर दंड होतो, तोही जास्तीत जास्त दोन हजार बाट. इटलीत छोट्यातल्या छोट्या घरगुती निवासालाही पाहुण्यांची यादी पोलिसांच्या पोर्टलवर टाकावी लागते. तेव्हा तुमचा नियम जगावेगळा नाही. फरक शिक्षेच्या धाकात आहे आणि माणसाकडून किती टंकलेखन करून घ्यायचं यात आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं. त्यातले अकरा महाराष्ट्रात, आणि त्यातला सुवर्णदुर्ग आमच्या हर्णैच्या बंदरातून समोर दिसतो. मिरवणुका निघाल्या, पेढे वाटले, आमच्याकडेही फलक लागले. तेव्हापासून परदेशी येणार, परदेशी येणार, असं प्रत्येक सभेत ऐकते. येऊ देत ना. पण ते राहणार कुठे? सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, साल्हेर, राजगड, यातल्या कुठल्याच किल्ल्याच्या पायथ्याशी पंचतारांकित हॉटेल नाही, आणि होऊही नये. तिथे असतात आमच्यासारखी घरं. म्हणजे जागतिक वारशाचा पाहुणा सांभाळायचं काम तुम्ही अशा माणसांवर टाकलं आहे, ज्यांना फॉर्मच्या भीतीने तो पाहुणाच नको आहे.

आकडे तुमच्याकडे माझ्यापेक्षा चांगले असतील. २०१९ मध्ये भारतात १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले. २०२४ मध्येही आपण एक कोटीच्या आतच होतो. व्हिएतनामने १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या देशांच्या नागरिकांना ९० दिवसांचा ई-व्हिसा खुला केला, एका प्रवेशाला २५ डॉलर. २०२४ मध्ये तिथे पावणेदोन कोटी परदेशी गेले. देश केवढासा! नुसत्या व्हिसाने हे होतं असं मी मानत नाही. आमचा महामार्ग किती वर्षं रखडला आणि बंदरावर बाईमाणसासाठी स्वच्छतागृह शोधायला किती चालावं लागतं, हे मी रोज बघते. पण रस्ता तुमच्या खात्यात येत नाही, फॉर्म येतो.

ई-व्हिसाबद्दल मात्र आधी चांगलं बोलते, कारण ते खरं आहे. २७ नोव्हेंबर २०१४ ला ४३ देशांसाठी ही सोय सुरू झाली, आज दीडशेहून जास्त देशांना आहे. पूर्वी पाहुण्याला वकिलातीत पासपोर्ट ठेवून यावं लागायचं. आता चार-पाच दिवसांत ईमेलवर मंजुरी येते. बहुतेक देशांना ३० दिवसांसाठी २५ डॉलर, आणि एप्रिल ते जून फक्त १० डॉलर. हे १० डॉलर म्हणजे 'मंदीच्या दिवसांत' पाहुणे यावेत म्हणून केलेली सवलत. कोकणात एप्रिल-मे म्हणजे हापूसचा मोसम! दिल्लीच्या लेखी जे ओसाड दिवस, त्या दिवसांत आमच्याकडे पेट्या भरायला माणूस मिळत नाही. ही सवलत मोडू नका, उलट तिची जाहिरात आंब्याचं चित्र लावून करा, एवढंच सुचवते.

अर्ज मात्र एकदा कोणीतरी परक्याच्या डोळ्यांनी वाचायला हवा. त्यात शरीरावरची ओळखीची खूण विचारलेली आहे. आपल्याला शाळेच्या दाखल्यापासून सवय आहे. उजव्या गालावर तीळ, डाव्या कोपराला व्रण. पण नेदरलँड्समधल्या शिक्षिकेला हा प्रश्न पडला की ती मला रात्री मेसेज करते, टॅटू लिहू का, आणि टॅटू नसेल तर अर्ज नाकारतील का. बोटांचे ठसे घेणाऱ्या देशाला तीळ कशाला लागतो? आईवडील किंवा आजीआजोबा पाकिस्तानी होते का, हा प्रश्न मी समजू शकते. त्यामागे आपला इतिहास आहे. पण धर्म आणि तीळ यांनी नेमकं कोण सापडतं, हे एकदा तपासून बघा.

जे सांगायला हवं ते मात्र अर्जाच्या वाटेत ठसठशीत कुठे दिसत नाही. डोंगरदऱ्यांत फिरणारे परदेशी आपल्याबरोबर उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र ठेवतात. त्यांच्याकडे ती सुरक्षिततेची वस्तू. आपल्याकडे परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा. गोव्याच्या आणि दिल्लीच्या विमानतळावर पर्यटक त्यापायी अडकल्याच्या बातम्या आल्या. ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे, ड्रोन बाहेरून आणायला २०२२ पासून बंदी आहे. हे तिन्ही माझ्याकडच्या पाहुण्यांच्या बॅगांत निघालेलं मी पाहिलं आहे. त्यांना बजावायचं काम मी करते, तेही ते देशात शिरल्यावर. पैसे भरण्याआधी लाल अक्षरात तीन ओळी दाखवल्या तर कितीतरी जणांची रात्र ठाण्यात जायची वाचेल.

तारखेचा घोळ तर दर मोसमात होतो. ३० दिवसांच्या ई-व्हिसाच्या मंजुरीपत्रावर छापलेली शेवटची तारीख म्हणजे देशात शिरण्याची शेवटची तारीख. राहण्याचे ३० दिवस उतरल्यापासून मोजायचे. पाहुण्याला वाटतं, व्हिसा उद्या संपतोय. माझ्या शेजाऱ्याला वाटतं, संपलेल्या व्हिसाचा माणूस ठेवला तर आपण अडकू. मग एका कपाळकरंट्या ओळीपायी जर्मन आजोबांना मुक्काम मोडून मुंबईला पळायची वेळ येते. "या तारखेपर्यंत प्रवेश करा" आणि "प्रवेशापासून इतके दिवस राहा" अशा दोन सरळ ओळी छापायला काय लागतं?

नकली संकेतस्थळांचं मी फार लांबवत नाही, ते तुम्हाला माहीत असणारच. भारतीय व्हिसा असं शोधलं की सरकारी वाटावीत अशी खाजगी पानं आधी येतात. माझ्या एका पाहुणीने पंचवीस डॉलरच्या कामाचे शंभराच्या वर मोजले आणि तिला ते पान सरकारचंच वाटलं होतं. म्हणजे बदनामी तुमची झाली. वकिलातींनी आपापल्या देशांत खरा पत्ता मोठ्या अक्षरांत, वर्षभर दाखवत राहायला हवं.

आणखी एक गोष्ट, जी पर्यटनाची नाही, घरची आहे. दापोलीतल्या एका ओळखीच्या आजींचा नातू अमेरिकेत जन्मलेला. पासपोर्ट तिकडचा, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड अजून काढलेलं नाही, म्हणून सुट्टीला ई-व्हिसावर आला. आजींनी मला विचारलं, "याचाही तुझा तो सी-फॉर्म भरायचा का गं?" मी चौकशी केली. एका कार्यालयाने सांगितलं, घरचाच मुलगा आहे, गरज नाही. दुसऱ्याने सांगितलं, परदेशी तो परदेशी. जुन्या कायद्यात मोबदला घेऊन राहायला देणाऱ्याची भाषा होती, पण सूचनांमध्ये मात्र हॉटेल, धर्मशाळा, हॉस्पिटल यांच्या पंगतीत खाजगी घरही बसवलेलं. आज महाराष्ट्रातल्या कुठल्या तालुक्यात असं घर नाही, जिथे अमेरिकेचा नाहीतर ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट असलेलं नातवंड मे महिन्यात येतं? त्या सगळ्या आजी-आजोबांनी पोलिस अधीक्षकांच्या कार्यालयाकडून लॉगिन घ्यायचं का? घ्यायचं असेल तर तसं स्पष्ट सांगा, नसेल तर तेही स्पष्ट सांगा. मराठीत, एका पानावर, तलाठी कार्यालयात आणि पोलिस ठाण्यात लावता येईल असं.

तर मागणं असं. सी-फॉर्ममध्ये पासपोर्ट नंबर आणि ई-अरायव्हल कार्डाचा क्रमांक टाकला की बाकीचे रकाने आपोआप भरले जावेत. आम्ही फक्त आगमन आणि निर्गमन कळवू. हे सगळ्यात आधी. त्याच्या मागोमाग, निवास-न्याहारी योजनेत ज्याची नोंद झालेली आहे आणि ज्याची पोलिस पडताळणी झालेली आहे, त्याला लॉगिन आपोआप मिळावं, वेगळी चक्कर नको. आमचं जिल्ह्याचं ठिकाण रत्नागिरी. जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो. पोर्टल मराठीत दिसावं. निदान रकान्यांची नावं तरी. पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि नेट दोन्ही दोन-दोन दिवस जातं, म्हणून फोनवर साध्या मेसेजने आगमन कळवायची सोय असावी आणि तो मेसेज कायद्याने मुदतीत कळवल्यासारखा धरावा. अनवधानाने पहिल्यांदा उशीर झाला तर समज, नंतर दंड, आणि लपवाछपवीला कडक शिक्षा, अशी उतरंड लेखी जाहीर व्हावी. सी-फॉर्मच्या नावाखाली परदेशी माणसाला खोली नाकारू नये, हेही त्याच परिपत्रकात घाला. लॉजवाल्याला भीती राहिली नाही की तो नाकारणारही नाही. चार पैसे कोणाला नको असतात.

यातलं एकही काम संसदेत जाण्याइतकं मोठं नाही. फॉर्म बदलायला सॉफ्टवेअरवाल्यांची एक तुकडी लागेल, परिपत्रकाला एक सही.

फेब्रुवारीपासून आंजर्ल्याच्या आणि वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जायला लागतात आणि त्यांच्यापाठोपाठ आमचे परदेशी पाहुणे येतात. निदान तो पासपोर्ट नंबरचा रकाना तरी त्याच्या आधी सुरू करून द्यावा. चाचणीसाठी एखादा जिल्हा हवा असेल तर रत्नागिरी घ्या. किनाऱ्यावरच्या निवासवाल्यांना एकत्र बसवायचं, त्यांच्याकडून भरून घ्यायचं आणि कुठे अडतंय ते लिहून पाठवायचं काम मी करीन, त्याचे पैसे नकोत. चहा-घावन आमच्याकडून.

कळावे, लोभ असावा.

आपली,
हर्णै-मुरुड परिसरातली एक निवासवाली

ता. क. (वाचणाऱ्या निवासवाल्यांसाठी) : पहिला परदेशी पाहुणा दारात येईपर्यंत थांबू नका, लॉगिन मोसमाआधीच मागून ठेवा. भरलेल्या प्रत्येक फॉर्मची प्रत छापून, पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्ससह एकाच फायलीत लावा. नेट गेलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या ठाण्यात लेखी देऊन पोच घ्या. आम्ही तसंच करतो आणि आजवर कोणी उलट बोललेलं नाही. पाहुण्याचा मूळ पासपोर्ट रात्रभर ठेवून घेऊ नका, झेरॉक्स काढून लगेच परत द्या.